भाजणी

दिवाळी तोंडावर आली की घरात चकलीची भाजणी दळून आलेली असते आणि जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर गाठोडी बांधायला सुरुवात झालेली असते. भात कापून, झोडून झालेलं असतं. नाचणी-वरई कणगीत पडलेली असते, आणि ती कोणत्या महिन्यापर्यंत पुरणार याचा हिशेब घरच्या बाईच्या डोक्यात पक्का असतो. दिवाळी उरकली की टेम्पो येतात. हंडे, गोधड्या, कोंबड्या, पोरं असं सगळं वर चढतं आणि माणसं डोंगर उतरतात. कोणी विक्रमगड-मनोरवरून वसई-विरारकडे, कोणी वाड्यावरून भिवंडीला, कोणी पार कल्याण-पनवेलपर्यंत. कुठे चाललात म्हणून विचारलं तर एका शब्दात उत्तर येतं : ‘भट्टीवर.’

पालघर जिल्ह्याच्या या दोन तालुक्यांवर बाहेरची माणसं लिहितात ती बहुधा दोनच विषयांवर. एक कुपोषण, दुसरा वारली चित्रं. दोन्ही विषय खरे आहेत. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत बालमृत्यू झाले, तेव्हा राज्याला या डोंगरांची दखल घ्यावीच लागली. पण मी इथे आलो तो वेगळ्याच धाग्याला धरून. मी रसायनशास्त्राचा विद्यार्थी. एमएस्सीच्या प्रकल्पात पुडी भाजत होतो. सिरॅमिकच्या, म्हणजे चिनीमातीच्या दूरच्या चुलत भावंडांच्या. पांढऱ्या, पिवळ्या, तपकिरी पुडी रसायनांतून तयार करायच्या, मुशीत भरायच्या, मफल भट्टीत ठेवायच्या आणि कोणत्या आचेला त्यांचं काय होतं ते पाहायचं. पुढे बातमीदारी करताना पहिल्यांदा वीटभट्टीवर गेलो. ढिगाऱ्याच्या कोणत्या भागातली वीट पक्की निघणार, कोणती पिवळी राहणार, कोणती वितळून बसणार हे तिथली माणसं न बघता सांगत होती, आणि मला वाटलं, आपण दोन वर्षं जे करत होतो ते हेच.

एक शब्द आपल्याकडे फार कामाचा आहे : भाजणे. भाकरी भाजतात, वांगं भाजतात, राब भाजतात, विटा भाजतात. चुनखडी भाजली की कळीचा चुना होतो. प्रयोगशाळेत ज्याला कॅल्सिनेशन म्हणतात त्याला आमचे एक सर सरळ ‘पूड भाजणं’ म्हणायचे, आणि त्यात काही उणं राहत नसे. भाजणं म्हणजे सुकवणं नव्हे, हे चकली करणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही. तांदूळ वेगळे भाजायचे, हरभऱ्याची डाळ वेगळी, उडदाची वेगळी. प्रत्येकाची आच निराळी, वेळ निराळा. कमी भाजलं तर चकली मऊ पडते, जास्त भाजलं तर काळवंडते आणि हातात भुगा होतो. जिन्नस तेच, माप तेच. चकली बिघडली तर बायका डाळीला दोष देत नाहीत, ‘भाजणी चुकली’ म्हणतात. सिरॅमिकच्या पुडींबद्दल जगभर जेवढं लिहिलं गेलंय त्यातलं निम्मं या दोन शब्दांत येतं.

राबापासून सुरुवात करू, कारण इथल्या शेताची सुरुवातही तिथूनच होते. ज्या तुकड्यात भाताचं रोप करायचं तिथे उन्हाळ्यात शेणाचा थर घालतात, त्यावर झाडांची छाटलेली कवळं, पालापाचोळा, गवत, आणि सगळ्यावर बारीक माती. मग वाऱ्याच्या विरुद्ध अंगाने पेटवतात, म्हणजे जाळ धावत सुटत नाही. धुमसत, सावकाश सरकतो. जाळ मोठा नको असतो, आच टिकायला हवी असते. पाऊस पडला की त्याच भाजलेल्या भुसभुशीत जमिनीत बी फेकायचं, आणि रोप वीतभर झालं की आवणी.

ही रीत इंग्रज वनाधिकाऱ्यांना कधी पटली नाही. झाडांच्या फांद्या छाटून जाळायच्या, हे त्यांना रानटी वाटायचं. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतली कुरबूर इतकी वाढली की १८८५ मध्ये सरकारला मुंबई इलाख्याचं जंगल कमिशन नेमावं लागलं, आणि त्या कमिशनपुढे राब हा मोठा वादविषय होता. पुढे पुण्याच्या शेती महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी सहकाऱ्यांना घेऊन राबाची शास्त्रीय तपासणी केली. प्रश्न साधा होता : रोप जोमदार येतं ते राखेतल्या खतामुळे, की जमीन तापल्यामुळे? नुसती राख पसरून भागत असेल तर फांद्या जाळायचं कारणच उरत नाही. आज मातीचं शास्त्र सांगतं की आचेने तणाचं बी मरतं, चिकणमातीचे कण एकमेकांना धरून रवाळ होतात, मातीत अडकून बसलेली काही पोषकद्रव्यं मोकळी होतात. राखेतून पालाश मिळतं ते वेगळंच. म्हणजे राब जाळणारा शेतकरी खत घालत होता आणि मातीवर उष्णतेची प्रक्रियाही करत होता. कमिशनला पहिली गोष्ट दिसत होती, दुसरी दिसायला यंत्रं लागली. राबापायी जंगलावर ताण येतो हेही तितकंच खरं आहे, आणि या डोंगरांवरची विरळ होत गेलेली झाडी पाहिली की ते नाकारता येत नाही.

आता वीट. खाली, भट्टीवर.

भट्टीवरचा दिवस मध्यरात्रीनंतर सुरू होतो. आदल्या दिवशी भिजवून ठेवलेल्या मातीचा गारा पायांनी तुडवायचा, त्यात भाताचं तूस आणि कोळशाची भुकटी मिसळायची, साच्यात थापायचं, ओळीने जमिनीवर पालथं घालायचं. कामाचं एकक माणूस नसतो, जोडी असते, नवरा-बायको. जोडीत पोरं आपोआप येतात. कच्च्या विटा उन्हात वाळल्या की त्यांची भट्टी रचतात : विटांचे थर, मध्ये कोळसा आणि तूस, तळाशी पेटवायला पोकळ्या, बाहेरून मातीचा लेप. एकदा पेटवली की ती आपल्या चालीने आठ-पंधरा दिवस जळत राहते. आत डोकावायची सोय नसते. धुराचा रंग, लेपाला पडलेल्या भेगा, ढीग किती खाली बसला, यावरून आतलं ओळखायचं.

आत काय चाललेलं असतं? सुरुवातीला विटेच्या छिद्रांत राहिलेलं पाणी वाफ होऊन जातं. घाई केली तर ही वाफच वीट फोडते, म्हणून पहिले दिवस आच मंद. मग तीनशे-चारशे अंशांच्या पुढे मातीतली मुळं, काड्या, तूस जळू लागतं. साडेचारशे ते सहाशे अंश सेल्सिअसच्या दरम्यान जे होतं ते खरं भाजणं. चिकणमातीचे कण पापुद्र्यांचे असतात, आणि त्या पापुद्र्यांच्या बांधणीतच पाण्याचे घटक गुंफलेले असतात. हे पाणी उन्हाने जात नाही. या आचेला ते सुटतं, पापुद्र्यांची घडी मोडते, आणि माती कायमची माती राहत नाही. कच्ची वीट कितीही वाळवली तरी पाण्यात टाकली की चिखल. या उंबरठ्याच्या पलीकडे गेलेली वीट वर्षभर पाण्यात ठेवा, तिचा चिखल होणार नाही. याच दरम्यान ५७३ अंशांवर वाळूचा कण, म्हणजे क्वार्ट्‌झ, आपली अंतर्गत ठेवण बदलतो आणि किंचित फुगतो. निवताना त्याच जागी पुन्हा आकसतो. भट्टी घाईने उघडली तर विटा तडकतात त्यामागे हा कणही असतो. भट्टी पेटवण्याइतकंच तिला निवू देणं हे कौशल्याचं काम आहे.

आठशेच्या पुढे मातीतलं लोह, सोडा, पालाश इतर घटकांना वितळायला मदत करू लागतात. सगळी वीट वितळत नाही. कणांच्या सांध्यांत काचेचा पातळ थर धरतो आणि कण एकमेकांना चिकटतात. साडेनऊशे ते हजार-पन्नासच्या आसपास चांगली वीट उतरते. त्यापुढे काच वाढत जाते, वीट आकार सोडते, शेजारणीला चिकटते, हिरवट-काळी होऊन बसते. तिला खंगर म्हणतात. खंगर भिंतीत बसत नाही, घराच्या पायात भरायला जातो. आणि भट्टीच्या कडेला, जिथे वारा आच पळवून नेतो, तिथे पिवळसर कच्च्या विटा राहतात. एकाच गाऱ्याच्या, एकाच साच्यातल्या, एकाच दिवशी थापलेल्या विटांतून हे तीन पदार्थ निघतात.

रंगाचीही गंमत ऐका. विटेचा लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचा. हवा खेळती असेल तर लोह लाल होतं. हवा पोचली नाही तर तेच लोह काळं राहतं. वीट फोडली तर पुष्कळदा बाहेरून लाल आणि पोटात काळी निघते. पोटापर्यंत हवा पोचण्याआधीच भट्टी पुढे गेलेली असते. आच किती आणि किती वेळ, यांना तिसरी गोष्ट जोडावी लागते : कोणत्या हवेत.

तूस का मिसळतात? इंधन वाचतं हे उघड आहे. पण विटेच्या अंगातच इंधन असलं की ती बाहेरून आत भाजली जाण्याऐवजी आतूनही भाजली जाते. हीच युक्ती १९८८ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या के. सी. पाटील आणि जे. जे. किंग्सली यांच्या एका शोधनिबंधाने जगभर पोचवली. ॲल्युमिनियम नायट्रेट आणि युरिया पाण्यात विरघळवायचं आणि ते भांडं ५०० अंशांच्या भट्टीत ठेवायचं. द्रावण उकळतं, फसफसतं, एकदम पेट घेतं, आणि पाच मिनिटांच्या आत फुललेल्या फेसासारखी पांढरी पूड हाती येते. ती असते अल्फा ॲल्युमिना. एरवी तिच्यासाठी अकराशे-बाराशे अंशांची आच तासन्‌तास द्यावी लागते. बाहेरची भट्टी ५००ची, पण युरिया आतून जळतो तेव्हा ज्वाळेचं तापमान हजाराच्या पुष्कळ वर जातं. युरिया तिथे तुसाचं काम करतो. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत आजही पदार्थविज्ञानाचे कितीतरी विद्यार्थी सायट्रिक ॲसिड नाहीतर ग्लायसिन घालून याच पद्धतीने फेराइटच्या चुंबकीय पुडी करतात.

आता ॲल्युमिनाच घ्या, कारण भाजण्याने एकच पदार्थ किती रूपं घेतो याचं याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही. ॲल्युमिनियमच्या क्षाराच्या द्रावणात अमोनिया घातला की पांढरा, लिबलिबीत साका बसतो. तो गाळून, धुऊन, वाळवून भाजायचा. चारशे-पाचशे अंशांना पाणी जातं आणि गॅमा ॲल्युमिना होतो. ही पूड इतकी सच्छिद्र असते की एका ग्रॅममधल्या सगळ्या पृष्ठभागांची घडी उलगडली तर शे-दोनशे चौरस मीटर भरावी. म्हणून ती तेलशुद्धीकरणात उत्प्रेरकांना आधार म्हणून वापरतात. आच वाढवत नेली की ती डेल्टा, थीटा अशी नावं घेत पुढे सरकते आणि बाराशेच्या आसपास अल्फा होते. छिद्रं मिटतात, कण फोफावतात, पृष्ठभाग काही चौरस मीटरवर येतो. पण आता ती इतकी कठीण झालेली असते की तिच्या सहाणी करतात आणि गाड्यांच्या स्पार्क प्लगचं पांढरं आवरण करतात. दोन्हींचं रासायनिक सूत्र एकच. विश्लेषणाला पाठवा, दोन्हींचा अहवाल सारखा येईल. फरक फक्त भाजणीचा.

हा फरक दिसतो तो क्ष-किरणांच्या आलेखात. कच्च्या साक्याचा आलेख म्हणजे एक आडवी, पसरट टेकडी. अणू कुठलीही रांग न धरता पडलेले. भाजत गेलं की टेकडीवर सुळके फुटू लागतात, आणि आच वाढेल तसतसे ते उंच आणि निमुळते होतात. सुळका जितका रुंद तितका कण लहान. १९१८ साली पॉल शेरर यांनी दिलेलं हे गणित विद्यार्थी आजही प्रबंधाच्या दुसऱ्या-तिसऱ्या पानावर मांडतात. माझ्या प्रकल्पाचा पदार्थ झिर्कोनिया होता. दातांच्या पांढऱ्या टोप्या हल्ली ज्याच्या करतात तो. त्याचा स्वभाव विचित्र. रसायनांतून केलेला साका चारशे-पाचशे अंशांवर भाजला की जी स्फटिकरचना मिळते ती खरं तर हजाराहून जास्त तापमानाला शोभणारी. कण अगदी बारीक असतात म्हणून ती टिकून राहते. जास्त भाजलं, कण वाढले, की निवताना रचना पालटते, पदार्थ चार-पाच टक्के फुगतो आणि स्वतःलाच फोडतो. एकदा मी रात्री भट्टीचा आकडा चुकीचा लावून वसतिगृहावर झोपायला गेलो. सकाळी मुशीत पांढऱ्या पुडीऐवजी कठीण, तडकलेल्या खड्यांचा गोळा होता. तीन आठवड्यांचं काम. आमच्या सरांनी तो हातात घेतला, खलात एकदा ठोकून पाहिला आणि म्हणाले, ‘खंगर झाला तुझा.’ तेव्हा मला तो शब्द ठाऊक नव्हता. पुढे भट्टीवर ऐकला.

पूड करणाऱ्याला दोन्ही बाजूंनी चिमटा असतो. कमी भाजली तर आत पाणी, नायट्रेट, कार्बन राहून जातं, आणि पुढे त्या पुडीची वस्तू करून ती पक्की भाजताना वायू सुटून वस्तू फुगते, भेगाळते. जास्त भाजली तर कण आताच एकमेकांना चिकटून ढेकळं होतात, आणि पुढे दाबून भाजलं तरी ढेकळांमधली पोकळी भरत नाही. पुडीत थोडा हुरूप शिल्लक ठेवायचा असतो. घट्ट होण्याची जी ओढ आहे ती पूड भाजतानाच खर्च झाली तर वस्तू भाजताना काही उरत नाही.

हा विचार नवा नाही. आपल्या रसशास्त्रात आचेचं माप आहे, आणि ते अंशांत नसून खड्ड्याच्या आकारात आणि गोवऱ्यांच्या संख्येत आहे. महापुट, गजपुट, वराहपुट, कुक्कुटपुट, कपोतपुट; मोठ्या आचेपासून लहानापर्यंत. अभ्रकाचं भस्म शतपुटी की सहस्रपुटी, हा भावातला फरक आजही वैद्यांच्या बोलण्यात येतो. पुट द्यायचं, निववायचं, वनस्पतीच्या रसात खलायचं, टिकिया करून पुन्हा पुट. पूड भाजायची, ढेकळं फोडायची, पुन्हा भाजायची. आजच्या सिरॅमिक कारखान्यात हेच चालतं. भस्म तयार झालं की नाही याच्या कसोट्या तर मला प्रयोगशाळेच्या वहीतल्या वाटतात. चिमटीत चोळलं तर बोटांच्या रेषांत शिरलं पाहिजे : रेखापूर्ण. स्थिर पाण्यावर टाकलं तर तरंगलं पाहिजे : वारितर. त्या तरंगत्या थरावर भाताचा दाणा ठेवला तर तोही तरला पाहिजे. उन्हात चमकता कामा नये : निश्चंद्र. आणि मध, तूप, गुंज, टाकणखार यांच्याबरोबर तापवलं तरी पुन्हा मूळ धातू होता कामा नये : अपुनर्भव. कणांचा आकार, पृष्ठताण, स्थिरता, सगळं आलं. भस्मं पोटात घ्यावीत की नाही हा वैद्य-डॉक्टरांचा प्रश्न. मी फक्त आचेचं माप घेण्याच्या अकलेबद्दल बोलतोय.

आता याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, समुद्राकडे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला, आणि नकाशात जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांबरोबर तारापूरचा किनाराही त्याच्या वाट्याला आला. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ मध्ये सुरू झाल्या, देशातल्या पहिल्या. मागाहून ५४० मेगावॅटच्या आणखी दोन आल्या. अणुभट्टी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे घुमट येतो. त्या घुमटाच्या पोटात जे जळतं ते सिरॅमिक असतं, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. युरेनियम डायऑक्साइडची गोळी, बोटाच्या पेराएवढी.

ती होते कशी? युरेनियमच्या नायट्रेट द्रावणात अमोनिया घालतात, पिवळा साका बसतो. तो गाळून, वाळवून भाजायचा, मग हायड्रोजनच्या वातावरणात तापवून त्यातला जादा ऑक्सिजन काढायचा. मिळालेली पूड दाबून गोळ्या करायच्या आणि त्या हायड्रोजनमध्येच सुमारे १,७०० अंशांवर भाजायच्या. हैदराबादच्या अणुइंधन संकुलात हे काम १९७१पासूनचं. आणि तारापूरला भाभा अणुसंशोधन केंद्राची जी इंधननिर्मिती सुविधा आहे तिथे युरेनियम आणि प्लुटोनियम या दोहोंच्या ऑक्साइडचं मिश्र इंधन होतं. या सगळ्या साखळीत नाजूक पायरी कोणती, तर पिवळा साका पहिल्यांदा भाजण्याची. तिथली आच कमी पडली तर पूड इतकी चंचल होते की उघड्या हवेत ठेवली तर आपसूक ऑक्सिजन घेऊन तापते. जास्त झाली तर पूड मेल्यासारखी होते. १,७०० अंशांवरसुद्धा तिची गोळी पुरेशी घट्ट होत नाही. घनता कमी असलेली गोळी अणुभट्टीत चालत नाही. मग ती नाकारलेली गोळी हवेत चारशे-पाचशे अंशांवर तापवतात. ती ऑक्सिजन घेऊन फुगते, आपोआप भुगा होते, आणि तो भुगा पुन्हा पुडीत मिसळतात. भाजून घट्ट केलेलं भाजूनच मोकळं करायचं! वीट थापणाऱ्याला हेवा वाटावा अशी सोय दुसऱ्या कुठल्या भट्टीत नाही.

५४० मेगावॅटच्या अणुभट्टीतल्या इंधनाच्या एका जुडग्यात ३७ नळ्या असतात. प्रत्येक गोळीची घनता, व्यास, कडांचे टवके, सगळं तपासलं जातं. प्रत्येक खेप कोणत्या आचेत किती वेळ होती याची नोंद असते. तारापूरहून डोंगराकडे निघालो की मनोर ओलांडल्यावर रस्त्याच्या कडेला भट्ट्यांचे ढीग दिसू लागतात, आणि तिथे नोंद असते ती एकाच आकड्याची : हजार. विटा थापण्याचा दर हजारी असतो. मजुरी रोज हाती येत नाही. दिवाळीआधी मुकादमाने पाड्यावर येऊन दिलेली उचल असते, आठवड्याला खायला खर्ची मिळते, आणि पावसाच्या तोंडाशी हिशेब होतो. हिशेबात उचल फिटली तर सुटका, नाही तर पुढल्या हंगामाची बोली आत्ताच. लिहिता-वाचता येत नसलेल्या माणसाच्या हजारांची मोजणी दुसऱ्याच्या वहीत असते, एवढं म्हटलं तरी पुरे.

वेठबिगार बंद करणारा केंद्राचा कायदा १९७६चा. तो कागदावरून भट्टीपर्यंत यायला माणसं लागली. वसई तालुक्यात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी विधायक संसद आणि पुढे १९८२ मध्ये श्रमजीवी संघटना उभी केली, आणि ठाणे जिल्ह्यातल्या आदिवासी वेठबिगारांच्या मुक्तीची लढाई लढली. १९९९ साली या दांपत्याला लंडनच्या ॲंटी-स्लेव्हरी इंटरनॅशनल या संस्थेचा पुरस्कार मिळाला. त्यांच्याच कामातून नव्वदच्या दशकात एक शब्द राज्यभर गेला : भोंगा शाळा. भोंगा म्हणजे भट्टीवरची तात्पुरती खोपटी. कच्च्या विटा रचायच्या, वर गवत-पेंढा टाकायचा, आत वाकून शिरायचं. मुलं गावच्या शाळेत परत जाईपर्यंत वर्ष बुडतं, मग दोन वर्षं बुडतात, मग शाळाच बुडते. म्हणून शाळाच भोंग्यांपाशी आणायची.

मध्ये बरंच बदललंय. राखेच्या विटा आल्या. डहाणूच्या औष्णिक केंद्रासारख्या ठिकाणी कोळसा जळून जी बारीक राख उरते ती मुळात भट्टीतच काचेच्या गोल कणांत बदललेली सिरॅमिक पूड असते, आणि चुना-सिमेंटबरोबर ती न भाजताच घट्ट होते. वाफेवर पक्के केलेले हलके ठोकळे आले. शहरातले मोठे इमारतवाले आता तेच मागतात. लाल विटेच्या भट्ट्यांना माती मिळणं अवघड होत चाललंय. तरीही दिवाळीनंतरचे टेम्पो थांबलेले नाहीत. रोजगार हमीचं काम वेळेवर निघालं आणि मजुरी वेळेवर मिळाली तर कोणी आपल्या म्हाताऱ्यांना मागे ठेवून भोंग्यात राहायला जाणार नाही, हे जव्हारच्या बाजारात कोणालाही विचारा. जाणाऱ्यांचं ज्ञान मात्र कुठल्याच वहीत नोंदलं जात नाही. धूर पांढरा आहे तोवर पोकळ्या झाकू नयेत. कडेच्या विटा पुढच्या भट्टीत पुन्हा घालता येतात, खंगर घालता येत नाही. पाऊस येणार असं दिसलं तर काय झाकायचं आणि काय भिजू द्यायचं. यातलं काहीही शिकवायला अभ्यासक्रम नाही, आणि भट्टी राखणाऱ्या माणसाचा हुद्दा शेवटपर्यंत ‘मजूर’च असतो. माझ्या भट्टीचा आकडा चुकला तेव्हा माझे तीन आठवडे गेले. यांचा अंदाज चुकला तर लाखभर विटांचा ढीग जातो, आणि तो सहसा चुकत नाही.

घराचं काम काढाल तेव्हा विटा घेताना एवढं करा. दोन विटा एकमेकींवर आपटा. आवाज खणखणीत यायला हवा, बद्द आला तर भाजणी कमी आहे. नखाने ओरखडा उठत असेल तर परत पाठवा. एक वीट वजन करून चोवीस तास पाण्यात ठेवा. वजन वीस टक्क्यांहून जास्त वाढलं तर ती भारतीय मानकात बसत नाही. आणि भट्टीवर स्वतः गेलात तर भोंग्यांपर्यंत चालत जा. सहा ते चौदा वर्षांचं मूल तिथे दिसलं आणि ते शाळेत जात नसेल, तर जवळच्या जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांना जाऊन भेटा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे वर्षाच्या मध्यावर आलेल्या मुलालाही, हातात दाखला नसला तरी, प्रवेश नाकारता येत नाही.